ऐतिहासिक कशाला म्हणावे?

माझ्या आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात सहज येईल की, दोन इंग्रजी विशेषणांतील भेद सांगण्यासाठी पहूरसारख्या गावातील एका सेवानिवृत्त मास्तराला कशाला पाचारण केले? ही शंका रास्तच आहे. माझे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर अध्यापनाची पदविका घेतली आणि मुलांना मराठी व थोडेबहुत इंग्रजी शिकविण्यात पस्तीस-छत्तीस वर्षे गेली. इंग्रजी भाषेचा पंडित म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही. परंतु या दोन शब्दांच्या अर्थांची गल्लत झाल्यामुळे माझ्या हातून एकदा असे नुकसान झाले की, ते आता कोणालाही भरून काढता येणार नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. मी पुढे चालून ठेच खाल्लेला मनुष्य आहे. तेवढ्याच अधिकाराने आज आपल्याशी बोलत आहे.

ते दोन शब्द म्हणजे हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल. दोहोंचे मूळ एक, उच्चारात फरक काय तो शेवटच्या अक्षराचा, आणि मराठीत दोहोंसाठी आपण वापरतो तो शब्दही एकच: ऐतिहासिक. माझी एक जुनी विद्यार्थिनी स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करीत असते. ती एके दिवशी एक प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. गाळलेल्या जागी योग्य शब्द भरावयाचा होता आणि त्यासाठी हेच दोन शब्द पुढे ठेविले होते. ती म्हणाली, "गुरुजी, दोन्हींचा अर्थ ऐतिहासिकच ना? मग एक बरोबर आणि एक चूक, हे कसे?"

मी तिला म्हटले, "प्रथम तो मराठी अर्थ क्षणभर बाजूला ठेव. सारा घोटाळा त्यानेच होतो."

हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी संबंध असलेले. जे गतकाळात होऊन गेले, जे गतकाळाविषयी काही सांगते, किंवा जे इतिहासाच्या अभ्यासासाठी उपयोगी पडते, ते सर्व हिस्टॉरिकल. त्यात लहानमोठा असा भेद नाही. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात ज्याची नोंद ठळक अक्षरांनी व्हावी असे. ज्याच्या अलीकडचा काळ आणि पलीकडचा काळ निरनिराळा भासावा, इतके महत्त्वाचे. पहिला शब्द नाते सांगतो, दुसरा योग्यता सांगतो. 'शाळेचे दप्तर' असे म्हटले म्हणजे 'शाळेचे' या शब्दाने दप्तराचे नाते कळते. 'मोलाचे दप्तर' असे म्हटले म्हणजे त्याची किंमत कळते. शाळेचे दप्तर मोलाचे असेल किंवा नसेलही. परंतु ते शाळेचे आहे, ही गोष्ट काही त्यामुळे बदलत नाही.

ओळखण्याची एक सोपी खूण मी तिला सांगितली, तीच आपणांसही सांगतो. विशेषणाच्या आधी 'अतिशय' हा शब्द लावून पाहावा. अतिशय महत्त्वाचा प्रसंग, असे म्हणता येते; म्हणून तेथे हिस्टॉरिक शोभते. परंतु 'अतिशय इतिहासविषयक ग्रंथ' असे आपण म्हणत नाही. ग्रंथ इतिहासाविषयी असतो किंवा नसतो. त्यात कमीअधिक असे काही नाही. तेथे हिस्टॉरिकल हाच शब्द योग्य. 'कशासंबंधी?' या प्रश्नाचे उत्तर हिस्टॉरिकल देतो आणि 'केवढे महत्त्वाचे?' या प्रश्नाचे उत्तर हिस्टॉरिक देतो.

नियम उदाहरणावाचून मनात ठरत नाही, म्हणून आपल्याच वाङ्मयातील तीन कादंबऱ्या घेऊ. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील ती पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. तिचा विषय त्या काळच्या विधवांची स्थिती हा होता. लेखक आपल्या डोळ्यांसमोरचे जग वर्णन करीत होता. म्हणून तिला हिस्टॉरिकल कादंबरी म्हणता येणार नाही. परंतु तिचे प्रकाशन ही हिस्टॉरिक घटना होय. हरिभाऊ आपट्यांचा 'उषःकाल' शिवकालावर लिहिलेला आहे; ती हिस्टॉरिकल कादंबरी. आणि रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची १८७१ सालची 'मोचनगड' ही कादंबरी शिवकालावरचीही आहे आणि मराठीत अशा कादंबऱ्यांची वाट प्रथम तिनेच पाडली. तेव्हा तिला दोन्ही विशेषणे लागू पडतात. तात्पर्य, हे दोन शब्द एकमेकांचे शत्रू नव्हेत. ते एका ठिकाणी नांदू शकतात, तसे वेगळेही राहू शकतात.

चित्रपटाचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. कथा पुराणातली, म्हणून चित्रपट पौराणिक. त्याला हिस्टॉरिकल कोणी म्हणणार नाही. पण भारतीय चित्रपटसृष्टीचा तो आरंभ मानला जातो, म्हणून तो दिवस हिस्टॉरिक.

आता आमच्या खानदेशाकडे वळतो. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तोपर्यंतची अधिवेशने शहरांत भरत असत. खेड्यात भरलेले हे पहिले. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून त्यांनी अधिवेशनाची नगरी सजविली. हे अधिवेशन हिस्टॉरिक होते, याविषयी दुमत होणार नाही. परंतु अशी कल्पना करा की, त्या दिवसांत फैजपूरच्या एखाद्या गाडीवानाने आपल्या बैलगाडीच्या फेऱ्या आणि मिळालेले भाडे एका चिठोऱ्यावर टिपून ठेविले, आणि तो कागद आज कोणाच्या फडताळात सापडला. त्या चिठोऱ्याला कोणी हिस्टॉरिक म्हणणार नाही. तरी तो हिस्टॉरिकल खचित आहे. अध्यक्षांचे भाषण काय झाले हे छापील ग्रंथांतून कळते. पण गाडीभाडे काय होते, लोक कोठून कोठून आले, किती फेऱ्या झाल्या, हे तो चिठोराच सांगेल.

आमच्या पहूरवरून जळगाव-अजिंठा रस्ता जातो. लेण्यांच्या दरीतून निघालेली वाघूर नदी आमच्या गावाजवळून वाहत पुढे तापीला मिळते. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला आणि त्याच्या दृष्टीस ती लेणी पडली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेविली. अजिंठ्याची चित्रे हिस्टॉरिक आहेतच. परंतु त्या खांबावरील ओरखड्यांचे काय? त्यांत कला नाही, सौंदर्य नाही. आज कोणी तसे करील तर त्याला शिक्षा होईल. तथापि तो मनुष्य त्या दिवशी तेथे होता, याचा पुरावा ते ओरखडे देतात. म्हणून ते हिस्टॉरिकल आहेत. एखादी वस्तू चांगली आहे की वाईट, हा प्रश्न निराळा. ती साक्ष देते की नाही, हा प्रश्न निराळा.

इंग्रजीतही हा भेद प्रथमपासून इतका रेखीव नव्हता. दोन्ही शब्दांचे मूळ ग्रीक भाषेतील ज्या शब्दात आहे, त्याचा अर्थ 'विचारपूस करून मिळविलेले ज्ञान' असा होतो. जुने इंग्रजी ग्रंथकार दोन्ही विशेषणे एकाच अर्थाने वापरीत. पुढे हळूहळू लेखकांनी कामाची वाटणी केली आणि एकाकडे नाते व दुसऱ्याकडे योग्यता सोपविली. जुन्या सरमिसळीच्या खुणा अजून राहिल्या आहेत. 'शिवाजी महाराज आग्र्याहून निसटतात आणि राजगडी पोहोचतात' असे आपण घडून गेलेली गोष्ट सांगताना वर्तमानकाळात बोलतो. या वर्तमानकाळाला इंग्रजीत हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल अशी दोन्ही विशेषणे लावतात. हिशेबनिसांच्या परिभाषेत वस्तूच्या मूळ खरेदी-किमतीलाही या दोहोंपैकी कोणतेही विशेषण चालते. असे अपवाद पाठ करून ठेवावेत; त्यांवरून नियम मोडीत काढू नये.

विद्यार्थ्यांना मी आणखी एक इशारा देत असे. शेवटी 'इक' आणि 'इकल' असणाऱ्या जोड्या इंग्रजीत पुष्कळ आहेत, पण प्रत्येक जोडीची कुंडली वेगळी. देशाच्या अर्थव्यवहाराशी संबंध असलेले ते इकॉनॉमिक आणि काटकसरीचे ते इकॉनॉमिकल. येथे नाते सांगण्याचे काम 'इक'कडे गेले आहे, म्हणजे आपल्या जोडीच्या अगदी उलट. तेव्हा एका जोडीचा नियम दुसरीला लावण्याचा मोह आवरावा.

आता आपल्या मराठी शब्दाकडे येऊ. 'इति ह आस', म्हणजे 'असे खरोखर होऊन गेले', या पदांपासून इतिहास शब्द झाला, अशी त्याची परंपरागत व्युत्पत्ती आहे. त्याला 'इक' प्रत्यय लागला, आरंभीच्या 'इ'चा 'ऐ' झाला आणि ऐतिहासिक हे विशेषण सिद्ध झाले. पुराणापासून पौराणिक, समाजापासून सामाजिक, वेदापासून वैदिक, हे शब्द असेच बनले आहेत. हे सर्व शब्द नाते सांगणारे आहेत. पौराणिक नाटक म्हणजे पुराणातल्या कथेवरचे नाटक. पुराणात घालण्याइतके थोर नाटक, असा त्याचा अर्थ कोणी करीत नाही. त्याच न्यायाने ऐतिहासिक म्हणजे इतिहासासंबंधी, एवढाच मूळ अर्थ. नाटकमंडळ्यांच्या जाहिरातींत पौराणिक, ऐतिहासिक आणि सामाजिक असे तीन प्रकार शेजारी शेजारी छापलेले असत, ते याच अर्थाने.

पुढे इंग्रजी बातम्यांतील हिस्टॉरिक हा शब्द मराठीत आणण्याची वेळ आली, तेव्हा त्याचे ओझेही याच शब्दाच्या पाठीवर घातले गेले असावे, असे मला वाटते. आज तर हे दुसरे ओझेच अधिक जड झाले आहे. सभा ऐतिहासिक, निर्णय ऐतिहासिक, विजय ऐतिहासिक, मोर्चाला जमलेली गर्दीही ऐतिहासिक. मागे मी एका भिंतीवर 'उद्या ऐतिहासिक सभा' असा फलक वाचला होता. सभा व्हावयाची होती, वक्ते यावयाचे होते, मांडवाचे खांबसुद्धा पुरते उभे राहिले नव्हते, आणि इतिहासाने तिची नोंद आदल्या दिवशीच घेऊन टाकली होती! आपण हसतो आणि पुढे जातो. परंतु शब्दाच्या अशा सैल वापराचा परिणाम नुसता हसण्यावारी जात नाही. ऐतिहासिक म्हणजे थोर, गाजलेले, भव्य, असे एकदा मनात बसले की, जे थोर नाही, गाजलेले नाही, भव्य नाही, ते ऐतिहासिकही नाही, असे मन आपोआप ठरविते. मीही तसेच ठरविले होते. तीच हकीकत आता सांगावयाची आहे.

आमच्या आळीत एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांना सारा गाव नाना म्हणत असे. त्यांचे जुने माळवदाचे घर पाडून नवे बांधावयाचे ठरले, तेव्हा माजघरातल्या कोनाड्यात एक लाकडी पेटी निघाली. पेटीत लाल खारव्याच्या कापडात बांधलेल्या वह्या आणि सुटे कागद होते, आणि ते सर्व मोडी लिपीत. माझ्या वडिलांनी लहानपणी मला थोडी मोडी शिकविली होती, हे नानांना ठाऊक होते. ते पेटी घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, आमच्या आज्या-पणज्यांचे कागद आहेत. त्यांत काही ऐतिहासिक असेल तर पाहा. नसेल तर नवीन घरात ही अडगळ ठेवून काय करू?"

मी दोन दुपारी बसून पाने चाळली. कोठे एखादी राजमुद्रा दिसते का, कोणा सरदाराचे पत्र आहे का, लढाईचा काही उल्लेख आहे का, हे मी शोधीत होतो. तसे काही आढळले नाही. कापसाची वजने होती, भाव होते, कोणत्या गावी किती माल घातला याच्या नोंदी होत्या. विहीर बांधण्यासाठी काढलेले कर्ज आणि त्याचे व्याज होते. एका लग्नाचा खर्च नारळ-सुपारीपर्यंत लिहिलेला होता. शेतावर राबणाऱ्या माणसांना दिलेल्या धान्याचे माप त्यांच्या नावांपुढे मांडलेले होते. काही पानांवर शके १७८४, शके १७८५ असे आकडे मी वाचल्याचे मला आजही आठवते.

मी नानांना सांगितले, "नाना, यात ऐतिहासिक असे काही नाही. घरगुती हिशेब आहेत."

प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्री' लिहिलेला होता. तो कागद रद्दीत जाऊन पायदळी येऊ नये, म्हणून नानांनी ते वाण्याला दिले नाहीत. त्यांनी भाविकपणे ते सारे पावसाळ्याच्या दिवसांत वाघूरच्या पाण्यात सोडून दिले.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी एक तरुण अभ्यासक आमच्या गावात आला. खानदेशातील कापसाच्या व्यापारावर त्याचे संशोधन चालले होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाचे भाव एकाएकी चढले. त्याच दशकात आगगाडीचे रूळही खानदेशात आले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि १८६५ साली मुंबईत मोठमोठ्या पेढ्या बसल्या. या सर्व गोष्टी सरकारी अहवालांतून आणि मुंबईच्या वृत्तपत्रांतून कळतात. परंतु त्या चढत्या भावापैकी खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, मजुराच्या धान्यात एखादी पायली तरी वाढली का, कर्ज फिटले की वाढले, हे त्याला पाहावयाचे होते. त्याने मला विचारले, "गुरुजी, त्या वेळच्या कोणाच्या घरगुती वह्या या गावात असतील का?"

शके १७८४ म्हणजे १८६२-६३ हे साल. माझ्या मनात तो हिशेब तत्क्षणी झाला आणि माझ्या तोंडून काही वेळ शब्द फुटला नाही.

त्या रात्री मी नानांकडे गेलो आणि घडले ते सर्व सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही. थोडा वेळ ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "गुरुजी, मग त्या दिवशी मी प्रश्न चुकीचा विचारला होता, की तुम्ही उत्तर चुकीचे दिलेत?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुष्कळ रात्रींची झोप गेली. नानांनी प्रश्न बरोबर विचारला होता. त्यांनी विचारले ते हिस्टॉरिकल या अर्थाने: या कागदांवरून जुन्या काळाविषयी काही कळेल काय? मी उत्तर दिले ते हिस्टॉरिक या अर्थाने: यात काही थोर, गाजलेले नाही. शब्द दोघांच्या तोंडी एकच होता. म्हणून आपण दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलत आहोत, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. दोष अर्थात माझा, कारण शिकलेला मी होतो.

आणि याहून अधिक लाज वाटावी अशी गोष्ट ही की, हा भेद ज्या पुरुषाने उभ्या महाराष्ट्राला शिकविला, त्याची अखेर आमच्याच खानदेशात झाली. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरांतील जुनी दप्तरे पाहिली. पोटमाळ्यांवर, कणग्यांमागे, वाळवीच्या आणि उंदरांच्या तोंडी पडलेले कागद त्यांनी मिळविले, नकलून घेतले आणि छापले. १८९८ साली त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला, आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात ते अग्रभागी होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी धुळ्यात देह ठेविला. त्यांनी जमविलेला संग्रह सांभाळण्यासाठी आणि त्यांचे कार्य पुढे चालविण्यासाठी धुळ्यात जी संस्था उभी राहिली, ती राजवाडे संशोधन मंडळ या नावाने आपणांस परिचित आहे.

त्या बावीस खंडांचे नाव राजवाड्यांनी काय ठेविले, हे पाहण्यासारखे आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'. थोर कागद, गाजलेले कागद, असे त्यांनी म्हटले नाही, साधने म्हटले. सुताराच्या पेटीत पटाशी असते तशी ही साधने. पटाशीला कोणी हार घालीत नाही. परंतु तिच्यावाचून चौकट उभी राहत नाही. हिस्टॉरिकल म्हणजे काय, याचे इतके नेमके मराठी उत्तर माझ्या हाताशी असताना मी दोन दुपारी पेटीत राजमुद्रा शोधीत बसलो होतो.

म्हणून मला असे सुचवावयाचे आहे की, ऐतिहासिक या शब्दाच्या पाठीवरचे एक ओझे आपण उतरवावे. एखादी घटना खरोखरच काळाला वळण लावणारी असेल, तर तिला युगप्रवर्तक म्हणावे, चिरस्मरणीय म्हणावे, इतिहास घडविणारी म्हणावे. मराठीत या अर्थाच्या शब्दांचा दुष्काळ नाही. ऐतिहासिक हा शब्द त्याच्या मूळच्या कामासाठी मोकळा ठेवावा. आणि लोकव्यवहारात हे घडणे कठीण वाटत असेल, तर निदान जुन्या वस्तूविषयी बोलताना 'हे ऐतिहासिक आहे काय?' असे न विचारता 'हे इतिहासाचे साधन होईल काय?' असे विचारावे. प्रश्न बदलला की उत्तर बदलते, याचा अनुभव मी घेतला आहे.

आमच्या पहूरवरून पाचोरा ते जामनेर अशी एक लहान आगगाडी जात असे. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट; सारा मार्ग सुमारे ५६ किलोमीटरांचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो सुरू झाला. लोक तिला पीजे म्हणत. शेंदुर्णीच्या बाजारचे लोक, शाळा-कॉलेजची मुले, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, सर्वांना तिने शंभर वर्षे वाहिले. २०२० सालच्या टाळेबंदीत ती थांबली आणि त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. तिच्यातून कोणी सम्राट गेला असेल असे मला वाटत नाही. तिच्यावर महाकाव्य कोणी रचणार नाही. परंतु तिच्या प्रवासाचे जाड पुठ्ठ्याचे एक जुने तिकीट माझ्याजवळ आहे. त्यावर गावांची नावे आहेत, भाडे आहे. नानांच्या वह्या वाघूरच्या पाण्यात गेल्या नसत्या, तर ते तिकीट मी केव्हाच फेकून दिले असते.

आपण शहरात राहणारी, सुशिक्षित मंडळी आहात. जागा लहान, सामान फार. दिवाळीची साफसफाई आली की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात आणि रद्दीवाल्याला हाक जाते. त्या वेळी हाती आलेला कागद टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढी माझी विनंती आहे. आजीने लिहिलेला वाणसामानाचा हिशेब, आजोबांच्या खोलीच्या भाड्याच्या पावत्या, परगावच्या आत्याचे खुशालीचे पत्र, शाळेचे प्रगतिपुस्तक, लग्नात आलेल्या आहेराची यादी, यांपैकी काहीही हिस्टॉरिक नाही. परंतु यांतले प्रत्येक हिस्टॉरिकल आहे. छायाचित्र असेल तर त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहून ठेवावे. कारण ती नावे सांगणारी माणसे आपल्या घरात कायमची राहणार नाहीत. मोडी कागद असेल तर तो वाचता येणाऱ्याला दाखवावा. आणि ज्याला दाखवाल त्याने 'यात काही नाही' असे सांगितले, तर आणखी एकाला दाखवावा. मी स्वतः असे सांगणारा एक होतो, म्हणून हे मुद्दाम म्हणतो.

माझ्या त्या विद्यार्थिनीने गाळलेली जागा बरोबर भरली. वाक्य जुन्या दस्तऐवजांविषयी होते, म्हणून तेथे हिस्टॉरिकल हवे होते. "आता चुकणार नाही, गुरुजी," असे म्हणून ती गेली. तिला हा भेद एका गुणासाठी हवा होता आणि तो तिला मिळेलही.

नाना आता हयात नाहीत. घर बांधून झाल्यावर त्यांनी ती रिकामी पेटी मला दिली, ती माझ्या खोलीत आहे. पीजेचे ते तिकीट, शाळेची काही जुनी हजेरीपत्रके आणि गावातील मंडळी अधूनमधून आणून देतात ते कागद मी तिच्यात कडुनिंबाची पाने घालून ठेवतो. पेटी अजून अर्धीही भरलेली नाही.